विसाव्याचा हिशेब

मराठी भाषेत 'स्वास्थ्य' हा शब्द दोन अर्थांनी वापरला जातो. शरीर निरोगी असणे हा त्याचा एक अर्थ. मन निवांत असणे हा दुसरा. 'आज जिवाला स्वास्थ्य नाही' असे घरातील एखादी वृद्ध स्त्री म्हणते, तेव्हा तिला ज्वर आला आहे की तिच्या मनाला घोर लागला आहे, हे तिच्या चेहऱ्याकडे पाहूनच समजून घ्यावे लागते. 'स्व'च्या ठायी स्थित असणे ही या शब्दामागील मूळ कल्पना. ज्या मनुष्याला घटकाभर स्वस्थ बसावयास सवड नाही, त्याचे आरोग्यही फार दिवस टिकत नाही, हा अनुभव ज्या पूर्वजांनी एकाच शब्दात साठविला, त्यांची समज खचितच खोल होती.

मॉरिशस बेटातील भारतीयांचा इतिहास बहुधा दास्यातून स्वातंत्र्याकडे आणि उपासमारीतून सुबत्तेकडे झालेली वाटचाल म्हणून सांगितला जातो. तो खरा आहे, आणि अभिमानाने सांगण्याजोगाही आहे. तथापि, याच इतिहासाला आणखी एक बाजू आहे. जवळजवळ दोनशे वर्षांच्या या कालखंडात कष्टकरी माणसाचा वेळ कोणाच्या मालकीचा होता? तो त्याच्याकडून कसा घेतला गेला, त्याने तो किती सायासाने परत मिळविला, आणि मिळाल्यावर त्याचे काय केले? या प्रश्नांची उत्तरे सनावळ्यांपेक्षा हिशेबाच्या वह्यांत अधिक स्पष्टपणे आढळतात. अशा चार वह्या या बेटावरील सामान्य कुटुंबाच्या आयुष्यात एकामागून एक आल्या.

मळ्याची वही

१८२५ साली ब्रिटनने मॉरिशसच्या साखरेवरील जकात वेस्ट इंडीजच्या साखरेवरील जकातीइतकी केली, आणि बेटाचे भवितव्य एका पिकाशी बांधले गेले. अरण्ये तुटली, डोंगरउतारांवरील दगड वेचून त्यांचे ढीग रचले गेले, आणि दृष्टी पोहोचेल तेथवर ऊस उभा राहिला. १ फेब्रुवारी १८३५ रोजी गुलामगिरी संपुष्टात आली. उमेदवारीची सक्ती उठताच मुक्त झालेल्या माणसांपैकी बहुतेकांनी मळ्यांकडे पाठ फिरविली. ज्या शेतात फटके खाल्ले त्याच शेतात पुन्हा मजुरीला जाण्याची इच्छा कोणाला असणार? त्यांच्या जागी भारतातून करारबद्ध मजूर आणण्याची व्यवस्था तोपर्यंत सुरू झालीच होती. २ नोव्हेंबर १८३४ रोजी 'अ‍ॅटलस' नावाच्या जहाजातून ३६ मजूर पोर्ट लुई बंदरात उतरले. विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत ही संख्या साडेचार लाखांच्या घरात गेली. आज ज्याला आप्रवासी घाट म्हणतात, तेथील सोळा पायऱ्या चढून ही माणसे या भूमीवर आली. २००६ साली युनेस्कोने या स्थळाची जागतिक वारशात नोंद केली.

कलकत्ता, मद्रास आणि मुंबई या तीन बंदरांतून हे मजूर निघत. त्यांत मुंबईकडून आलेल्यांचा वाटा सर्वांत लहान होता. रत्नागिरी आणि आसपासच्या मुलखातून आलेली ही मराठी माणसे पुढे मुख्यत्वे ब्लॅक रिव्हर व प्लेन विल्यम्स या भागांत स्थिरावली. कोकणातील त्यांची शेती तुकड्यांची होती, पाऊस भरवशाचा असला तरी भात वर्षभर पुरत नसे. पाच वर्षांचा करार, महिना पाच रुपये, वर तांदूळ, डाळ, मीठ यांचा शिधा, हे शब्द त्या काळी कानाला गोड लागले असल्यास नवल नाही.

प्रत्यक्षात मळ्यावर पहाटे अंधारातच हजेरी होई. सरदार नावे पुकारी आणि कारकून वहीत खुणा करी. या वहीचे सामर्थ्य १८४७ च्या मजूर कायद्याने विलक्षण वाढविले. एक दिवस गैरहजर राहिल्यास दोन दिवसांचा पगार कापावा, असा नियम त्यात होता. यालाच 'दुहेरी कपात' म्हणत. हे गणित शाळेतील मुलालाही करता येण्यासारखे आहे. महिन्याचे कामाचे दिवस सव्वीस धरले, आणि मजूर तेरा दिवस गैरहजर राहिला, तर त्याचा सबंध पगार कापला जाई. उरलेले तेरा दिवस तो राबला, ते फुकट राबला! आजारपण असले तरी ते सिद्ध करावे लागे. ज्याचा आजार मान्य झाला नाही, तो गैरहजर ठरे. रविवारी सकाळीही जनावरांची व आवाराची कामे विनावेतन करण्याची 'कोर्वे' नावाची प्रथा होती. येणेप्रमाणे आठवड्याचा सातवा दिवसदेखील पूर्णतः मजुराचा नव्हता.

हे सारे कशासाठी चालले होते? साखरेसाठी. आणि साखर तरी कोणासाठी? १८०० च्या सुमारास इंग्लंडमध्ये माणशी वर्षाला साधारण अठरा पौंड साखर खाल्ली जात असे. विसाव्या शतकात हा आकडा शंभर पौंडांच्या आसपास पोहोचला. १८७४ साली ब्रिटनने साखरेवरील आयातकर अजिबात काढून टाकला, आणि एके काळी सरदार-उमरावांच्या कपाटात कुलपाखाली राहणारा हा पदार्थ गिरणीकामगाराच्या झोपडीत गेला. लँकेशायरमधील कामगार स्त्रीला दिवसभर यंत्रापाशी उभे राहिल्यावर सावकाश स्वयंपाक करण्यास वेळ नसे. गोड चहा, पाव आणि मुरंबा यांवर ती मुलांना वाढवी. म्हणजे एका देशातील थकलेल्या माणसाने तोडलेला ऊस दुसऱ्या देशातील थकलेल्या माणसाला तात्पुरती तरतरी देत होता. साखर ही आधुनिक जगातील पहिल्या सार्वत्रिक विक्रीच्या वस्तूंपैकी एक, आणि तिच्या दोन्ही टोकांना अतिश्रम उभा होता, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

अशा शरीरांवर १८६६ साली हिवतापाने झडप घातली. एकट्या १८६७ या वर्षात तीस हजारांहून अधिक माणसे दगावली. बेटाची लोकसंख्या तेव्हा साडेतीन लाखांच्याही आत होती. रोग डासांमुळे पसरतो हे ज्ञान त्या वेळी कोणालाच नव्हते. परंतु दाटीवाटीच्या वस्त्या, निकस अन्न आणि विश्रांतीचा अभाव यांनी आधीच खचलेल्या माणसाला तापाने अधिक सहज गाठावे, हे समजण्यास वैद्यकशास्त्राची जरुरी नव्हती.

१८७१ साली आडोल्फ द प्लेव्हित्झ या युरोपीय वंशाच्या गृहस्थाने जुन्या करारमुक्त मजुरांचा एक अर्ज तयार करविला. त्यावर ९,४०१ जणांची संमती होती. अर्जाची दखल घेऊन नेमलेल्या शाही आयोगाने मजुरांचे हाल, रखडलेले पगार आणि मनमानी कपात यांची विस्तृत चौकशी केली. त्यातून १८७८ चा सुधारित कायदा आला. दुहेरी कपात मात्र पूर्णपणे जाण्यास विसावे शतक उजाडावे लागले. मणिलाल डॉक्टर यांच्यासारखा वकील १९०७ साली येथे आला, तेव्हा या अन्यायाविरुद्ध न्यायालयात व वर्तमानपत्रात बोलणारा एक कणखर आवाज मजुरांना लाभला.

याच काळात समुद्राच्या पलीकडे काय चालले होते, तेही पाहणे उचित ठरेल. कोकणातील ज्या घरांतून एक भाऊ मॉरिशसला गेला, तशाच घरांतील दुसरा भाऊ मुंबईच्या कापडगिरणीत गेला. तेथेही सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत काम होते आणि आठवड्याची हक्काची सुटी नव्हती. १८८४ साली नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने साडेपाच हजार गिरणीकामगारांच्या सह्यांचा अर्ज सरकारपुढे गेला; आठवड्याला एक दिवस पूर्ण सुटी मिळावी ही त्यातील प्रमुख मागणी. १० जून १८९० पासून मुंबईच्या गिरण्यांना रविवारची सुटी मिळू लागली. रविवार हा खंडोबाचा वार, देवदर्शनाचा आणि समाजाच्या चार कामांचा वार. केवळ शरीराला आराम एवढाच त्या मागणीचा हेतू नव्हता; माणूस म्हणून जगण्यास एक दिवस हवा, असा त्यामागील आग्रह होता. मॉरिशसमधील ९,४०१ आणि मुंबईतील साडेपाच हजार नावे एकाच गरजेची साक्ष देतात.

दुकानाची वही

करार संपलेल्या माणसांना एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हळूहळू जमिनीचे लहान तुकडे मिळू लागले. मोठे मळेवाले आपल्या कडेच्या, दगडाळ जमिनी तुकडे पाडून विकत, आणि भारतीय कुटुंबे पै-पै साठवून त्या घेत. परसात भाजी, गोठ्यात गाय आणि सभोवती थोडा ऊस, असे गाव उभे राहिले. अशा गावात एक जागा सर्वांच्या मालकीची असे. ती म्हणजे बैठका. गवताने शाकारलेल्या त्या खोपटात संध्याकाळी माणसे जमत. मुलांना अक्षरे शिकविली जात, पोथी वाचली जाई, भांडणे मिटत, विवाह ठरत. मराठी वस्त्यांत भजने आणि आरत्या होत, आणि गणपतीच्या दिवसांत झाकरी रंगे. कोकणातील जाखडीचेच हे रूप. पायात घुंगरू बांधून, वर्तुळ धरून, ढोलकीच्या ठेक्यावर नाचावयाचे, म्हणजे पाऊल दुसऱ्याच्या पावलाशी जुळावे लागते. त्यासाठी अनेक रात्रींचा सराव लागतो, आणि सरावाला लागते मोकळी संध्याकाळ. आज जी भाषा, जी गाणी आणि जी आरती या समाजापाशी शिल्लक आहे, ती अशा मोकळ्या संध्याकाळांनी जपलेली आहे. मळेवाल्याच्या वहीत या घटकांची कोठेही नोंद नव्हती. म्हणूनच त्या वाचल्या.

गावच्या कोपऱ्यावर दुसरी एक वही असे. चिनी दुकानदाराच्या दुकानात, ज्याला क्रिओलमध्ये 'लाबुतिक' म्हणतात, प्रत्येक कुटुंबाचा एक 'कार्ने' ठेवलेला असे. पाव शेर तेल, मूठभर डाळ, एक सुटी सिगारेट, जे हवे ते उधार न्यावे आणि पगार झाल्यावर किंवा ऊसतोडणीच्या हंगामात फेडावे. ऊसतोडणी नसलेल्या महिन्यांत या कार्नेवरच घरे तगली, हे कृतज्ञतेने सांगितले पाहिजे. दुकानदार ग्राहकाला नावाने ओळखत असे. कोणाच्या घरी बाळंतीण आहे, कोणाचा हात मोडला आहे, हे त्याला ठाऊक असे. उधारी वाढली तर तो सबुरीने घेई, पण अमर्याद उधारीही देत नसे, कारण त्यालाही आपले दुकान चालवावयाचे होते. गरजेला मर्यादा होती आणि कर्जालाही.

अर्थात त्या काळाचे गोडवे गाणाऱ्यांनी दुसरी बाजूही पाहावी. थकलेल्या अंगाला सर्वांत स्वस्त मिळणारा विसावा म्हणजे उसाच्या मळीपासून काढलेली रम. तिने कित्येक संसार धुळीस मिळविले. हिवताप घरोघरी होता. पोटातील आकडेकृमींनी आणि निकस अन्नाने रक्त पातळ झालेले होते. पहाटे उठून चूल पेटवावयाची, दिवसभर शेतात खपावयाचे आणि परत येऊन पुन्हा चुलीपुढे बसावयाचे, या स्त्रियांच्या दिनक्रमात बैठका कोठे होता? मजुरीचा असंतोष १९३७ साली उफाळून आला. २७ सप्टेंबर १९४३ रोजी बेल व्ह्यू हारेल येथे संपकऱ्यांवर गोळीबार झाला आणि मृतांत अंजलाय कुपेन ही गरोदर तरुणी होती. पुढे मजूर संघटनांना मान्यता, ठराविक तास, सुट्या आणि मतदानाचा हक्क या गोष्टी आल्या, त्यांच्या मागे हे रक्त आहे. 

हप्त्यांची वही

१९६० सालच्या फेब्रुवारीत 'कॅरोल' नामक चक्रीवादळाने बेट झोडपून काढले. गवताची आणि पत्र्याची घरे पाचोळ्यासारखी उडाली. त्यानंतर प्रत्येक कुटुंबाच्या मनात एकच ध्यास राहिला : सिमेंटचे घर. १९६१ साली प्रसिद्ध झालेल्या मीड आणि टिटमस यांच्या अहवालांनी वाढत्या लोकसंख्येचे आणि बेकारीचे भीषण चित्र रंगविले होते. १२ मार्च १९६८ रोजी देश स्वतंत्र झाला, तेव्हा तरुण हात पुष्कळ आणि कामे थोडी अशी स्थिती होती. प्राध्यापक एद्वार लिम फॅट यांच्या कल्पनेनुसार १९७० साली निर्यात-उद्योगांसाठी खास कायदा झाला, आणि परदेशी पेठांकरिता कपडे शिवणारे कारखाने गावोगावी उभे राहू लागले. १९८० च्या दशकाच्या अखेरीस या कारखान्यांतील कामगारांची संख्या नव्वद हजारांच्या आसपास गेली. त्यांत बहुसंख्या स्त्रियांची होती.

या घटनेचे मोल कमी लेखणे अन्यायाचे होईल. ज्या मुलीची आजी शेतात दिवसभर वाकून तण काढीत होती, तिच्या हातात प्रथमच स्वतःच्या नावाचे पगाराचे पाकीट आले. लग्न कधी करावे, भाऊ किती शिकावा, घरावर मजला कधी चढवावा, या प्रश्नांत तिचे मत विचारले जाऊ लागले. सुबत्ता आली ती अशा मुलींच्या बोटांतून आली.

परंतु या कारखान्यांसाठीच्या कायद्यात एक कलम होते. आठवड्याच्या पंचेचाळीस तासांवर आणखी दहा तासांपर्यंत जादा काम करण्यास कामगाराला बांधून घेण्याची मुभा मालकाला होती. जहाज सुटण्याची तारीख जवळ आली की दिवे रात्री उशिरापर्यंत जळत. जादा कामाचा दर अधिक असल्याने ते नकोसे तर होतेच, पण हवेसेही होते. आणि येथेच इतिहासाने एक विलक्षण वळण घेतले. दुहेरी कपातीच्या काळी काम टाळणाऱ्याचा पगार दुप्पट कापला जाई; आता अधिक काम करणाऱ्याला वाढीव दराने पैसे मिळू लागले. पूर्वी विसाव्याची किंमत दंडाने मोजली जाई, आता ती लाभाने मोजली जाऊ लागली. दोन्ही वेळी हिशेब एकाच दिशेने झुकत होता : विसावा परवडत नाही!

कारण आता तिसरी वही आली होती. शीतकपाट, दूरचित्रवाणी संच, कपडे धुण्याचे यंत्र, दिवाणखान्यातील बैठकीचा संच, पुढे मोटार, हे सारे हप्त्यांनी मिळू लागले. यांतील कित्येक वस्तूंनी स्त्रीचे कष्ट खरोखर हलके केले. नदीवर दगडावर कपडे आपटणाऱ्या पिढीला धुलाईयंत्राची थट्टा करणे सुचणार नाही. पण गरजेपाशी ही यादी थांबली नाही. शेजाऱ्याच्या घरी जे आले ते आपल्या घरी का नाही, असे पडद्यावरील जाहिरात रोज संध्याकाळी विचारू लागली. दुकानदाराचा कार्ने मागील महिन्यात खाल्लेल्या डाळीचा असे. हप्त्यांचे कार्ड पुढील तीन वर्षांच्या श्रमावर आजच सही घेत असे. ज्याने पुढली तीन वर्षे आधीच विकली, त्याला आजची संध्याकाळ मोकळी कशी ठेवता येईल?

मुलेही या हिशेबातून सुटली नाहीत. प्राथमिक शाळेच्या अखेरच्या परीक्षेतील क्रमांकावर चांगली माध्यमिक शाळा अवलंबून, म्हणून शाळेनंतर खासगी शिकवणी. आणि शिकवणीचे पैसे यावेत म्हणून आईचे जादा काम. दहा वर्षांचे मूल दिवेलागणीला दप्तर घेऊन घरी येई, आणि आई त्याच्याही नंतर. दोघांच्या भेटीची वेळ म्हणजे जेवणाची. आणि जेवण पुष्कळदा वाटेत घेतलेल्या पावाचे, तळलेल्या पदार्थांचे आणि गोड पेयाच्या बाटलीचे. लँकेशायरमधील त्या गिरणीकामगार स्त्रीचे जेवण शंभर वर्षांनी ऊस पिकविणाऱ्या बेटावर परत आले होते.

दवाखान्याची वही

दुसऱ्या महायुद्धानंतर हिवतापाविरुद्ध मोठी मोहीम झाली, आणि १९७३ साली जागतिक आरोग्य संघटनेने मॉरिशसला हिवतापमुक्त ठरविले. १९७५ च्या वादळानंतर तो काही काळ परतला खरा, पण पुन्हा हटविला गेला. बालमृत्यू घटले, आयुर्मान वाढले, सरकारी दवाखान्यांत उपचार विनामूल्य राहिले. या यशाचा आनंद साजरा होत असतानाच एक नवी गोष्ट उजेडात आली. १९८७ साली सरकारने जागतिक आरोग्य संघटना आणि परदेशी तज्ज्ञांच्या साहाय्याने हजारो प्रौढांची तपासणी केली. मधुमेहाचे प्रमाण अपेक्षेहून कितीतरी अधिक निघाले.

याहून विचार करावयास लावणारी गोष्ट निराळीच होती. भारतीय वंशाच्या माणसांत मधुमेहाची प्रवृत्ती अधिक असते, हे सर्वश्रुत होते. पण या पाहणीत हिंदू, मुसलमान, क्रिओल आणि चिनी या सर्वच समाजांत तो मोठ्या प्रमाणावर आढळला. निरनिराळ्या मुलखांतून आलेली रक्ते एका बेटावर एकाच व्याधीपाशी येऊन मिळाली, याचा अर्थ दोष केवळ रक्ताचा नव्हता. सर्वांनी मिळून स्वीकारलेल्या राहणीचाही होता. मैलोगणती चालणारी माणसे बसने जाऊ लागली, वाकून काम करणारी बसून काम करू लागली, आणि ताटातील वरण-भाजीची जागा मैदा, तेल व साखर यांनी घेतली. कमी झोप आणि अवेळी जेवण यांमुळेही भूक व रक्तातील साखर यांचा तोल बिघडतो, हे वैद्यकाने पुढे दाखवून दिले. अलीकडच्या पाहण्यांनुसार दर पाच प्रौढांत साधारण एकाला मधुमेह आहे. कित्येक घरांत आता औषधांच्या नोंदीची वही देव्हाऱ्याशेजारी ठेवलेली असते.

अतिश्रमाविषयी तर थेट प्रमाण उपलब्ध आहे. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रमसंघटना यांनी २०२१ साली जगभरच्या अभ्यासांचा आढावा प्रसिद्ध केला. आठवड्याला पस्तीस ते चाळीस तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत पंचावन्न किंवा अधिक तास काम करणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्के आणि हृदयविकाराने मृत्यूचा धोका सुमारे १७ टक्के अधिक असतो, असा त्याचा निष्कर्ष आहे. पंचेचाळीस अधिक दहा म्हणजे पंचावन्न. कारखान्याच्या कायद्याने आखलेली वरची मर्यादा आणि शरीराच्या धोक्याची रेषा एकाच आकड्यावर यावी, हा योगायोग असेल. पण तो विसरण्यासारखा नाही.

हे वाचून निराश होण्याचे कारण नाही, कारण याच इतिहासात उपायाचेही उदाहरण आहे. १९८७ च्या पाहणीनंतर सरकारने घरोघरी वापरल्या जाणाऱ्या स्वस्त तेलात बदल घडविला. पामतेलाच्या जागी मुख्यत्वे सोयाबीनचे तेल आले. पाच वर्षांनी, १९९२ साली, पुन्हा तपासणी झाली तेव्हा लोकांच्या रक्तातील कोलेस्टेरॉलची सरासरी लक्षणीय रीतीने खाली आली होती. कोणा एका गृहिणीला उपदेश न करता, दुकानातील फळीवरचा जिन्नस बदलून हे साधले. पुढे २००९ साली शाळांच्या उपाहारगृहांतील अपायकारक पदार्थांवर निर्बंध आले. २०१३ पासून गोड पेयांतील साखरेच्या प्रमाणावर कर बसला. साखरेच्या जकातीने ज्या बेटाचे नशीब ठरले, त्याच बेटाला अखेर साखरेपासून लेकरांना वाचविण्यासाठी कर बसवावा लागला! मात्र १९९२ च्याच तपासणीत लोकांची वजने वाढलेली आढळली होती. तेल सरकारला बदलता आले. संध्याकाळ बदलणे सरकारच्या हाती नव्हते.

शेवटची ओळ कोणाची?

२०१९ च्या श्रमिक-हक्क कायद्यातही आठवड्याचे सामान्य काम पंचेचाळीस तासांहून अधिक नसावे असेच म्हटले आहे. तास ठरविण्याचे काम कायदा करतो. त्यांबाहेरील वेळेचे काय करावयाचे, हे कुटुंब आणि समाज ठरवितात. पूर्वजांना तो निर्णय घेण्याची मोकळीक नव्हती. तरी त्यांनी थकलेल्या अंगाने बैठक्यात जाऊन अक्षरे शिकविली आणि झाकरीचे पाऊल जुळविले. त्यांना सुख कशात आहे हे कोणी शिकविले नव्हते; चार माणसांत बसल्याने दिवसाचा शीण उतरतो, एवढे त्यांना अनुभवाने ठाऊक होते. आज मोकळीक आहे, दिवे आहेत, पंखे आहेत, मंडळाची पक्की इमारत आहे. आणि गणेशचतुर्थीच्या आधी झाकरीच्या सरावाला तरुण मिळत नाहीत, कारण कोणाची रात्रपाळी, कोणाची शिकवणी, कोणाचे दुसरे काम. अशा वेळी वर्षातून एकदा होणाऱ्या उत्सवापेक्षा आठवड्यातून एक राखून ठेवलेली संध्याकाळ मंडळाने सभासदांना दिली, आणि सभासदांनी ती पाळली, तर ती मधुमेहाच्या तपासणी-शिबिराइतकीच आरोग्याची सेवा ठरेल.

आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय हा हिशेब पुरा होत नाही. आज याच बेटावरील कारखान्यांत बांगलादेश, मादागास्कर आणि भारत या देशांतून कराराने आलेली तरुण माणसे काम करतात. ती एका खोलीत अनेक जण राहतात, जादा काम मागून घेतात आणि पैसे घरी पाठवितात. रविवारी दुपारी बसथांब्यावर ती घोळक्याने उभी असतात, आणि आपल्या भाषेत आपल्या गावच्या गोष्टी बोलतात. सोळा पायऱ्या चढून आलेल्या माणसांच्या पणतवंडांना ते दृश्य अनोळखी वाटू नये. त्यांच्या हजेरीची वही आता कोणाच्या हातात आहे, आणि तीत त्यांच्या विसाव्यासाठी किती जागा सोडली आहे, याकडे ज्यांच्या पूर्वजांनी ९,४०१ नावांचा अर्ज केला होता त्यांनी लक्ष द्यावे, एवढी अपेक्षा त्या पूर्वजांनीही नक्की केली असती.